सस्पेन्शनची जुळवणी (मोटारगाडी)

सस्पेन्शनची जुळवणी म्हणजे मोटारगाडीच्या स्प्रिंगा, धक्काशोषक आणि त्यांच्याशी निगडित भाग यांची ताठरता, उंची व अवमंदन ही गाडीचे वजन, रस्ता आणि वापर यांना अनुरूप ठरविण्याची प्रक्रिया होय. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा उत्पादकाने अशी एक जुळवणी केलेलीच असते. शर्यती, डोंगराळ रस्ते, जादा भार किंवा भागांची झीज यांमुळे ती पुन्हा तपासावी लागते.

गाडीचा वेग बदलणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे टायर व रस्ता यांच्यातील घर्षणावर अवलंबून असतात. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. त्यावरील दाब सतत व शक्य तितका समान ठेवणे हे सस्पेन्शनचे मुख्य काम आहे, आणि जुळवणीची गुणवत्ताही याच कसोटीवर ठरते. गाडी कडक केली म्हणजे ती रस्त्याला अधिक चिकटते हा समज सर्वत्र आढळतो. तो गुळगुळीत शर्यतपथापुरता अंशतः खरा असला, तरी खडबडीत व ओल्या घाटरस्त्यावर धोकादायक ठरू शकतो. कोल्हापूर परिसरात राष्ट्रीय महामार्ग, सह्याद्रीतील घाट आणि कार्टिंगचा शर्यतपथ हे तिन्ही प्रकारचे मार्ग जवळजवळ असल्याने हा फरक तेथे सहज दिसून येतो.

संज्ञा

मराठीत या प्रणालीसाठी ‘सस्पेन्शन’ हाच शब्द रूढ आहे. धक्काशोषकास बोलीभाषेत ‘शॉकअप’ म्हणतात. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगेला ‘पाटे’ म्हणतात. मालमोटारी, जीप व पूर्वीचे टांगे यांमुळे हा शब्द ग्रामीण भागातही परिचित आहे. ‘धक्काशोषक’ हे नाव मात्र काहीसे फसवे आहे. धक्का प्रत्यक्षात स्प्रिंग झेलते. धक्काशोषक त्यानंतरचे हेलकावे शमवितो. म्हणून तांत्रिक लेखनात त्यास ‘अवमंदक’ असेही म्हणतात.

प्रमुख घटक

• स्प्रिंग: गाडीचे वजन पेलते आणि चाक वर-खाली होत असताना ऊर्जा साठवून परत देते. वेटोळी (कॉइल) स्प्रिंग, पाटे आणि पिळाचा दांडा (टॉर्शन बार) हे तिचे प्रमुख प्रकार होत. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास किती बल लागते, यावरून तिची ताठरता मोजतात.

• धक्काशोषक: तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या सरकतो आणि तेल लहान छिद्रांतून व झडपांमधून ढकलले जाते. त्या विरोधामुळे हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. धक्काशोषकाचे बल दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असते. गाडी स्थिर असताना तो, गॅसच्या दाबाचा किरकोळ भाग वगळता, वजन पेलत नाही.

• अँटी-रोल बार: डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा दांडा. दोन्ही चाके एकदम वर आली तर तो निष्क्रिय राहतो; एकच चाक वर आले किंवा वळणावर गाडी कलली तर तो पिळला जाऊन कलण्यास विरोध करतो.

• टायर: हवेने भरलेला टायर हीदेखील एक स्प्रिंग आहे. त्याची ताठरता मुख्य स्प्रिंगेच्या साधारण दहापट असते. म्हणून हवेचा दाब तपासल्याविना केलेली कोणतीही जुळवणी अपुरी समजली जाते.

• थांबरबर (बंप स्टॉप): चाकाची वर जाण्याची मर्यादा संपली की धातूवर धातू आदळू नये म्हणून बसविलेला रबर किंवा फोमचा ठोकळा.

इतिहास

स्प्रिंगेचे बल तिच्या दाबल्या जाण्याच्या प्रमाणात वाढते, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम या विषयाचा पाया आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडागाड्यांना लंबवर्तुळाकार पाटे बसविले जाऊ लागले. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत असल्यामुळे हेलकावे काही प्रमाणात आपोआप शमत. मोटारींचा वेग वाढल्यावर हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्रुफो आणि हार्टफर्ड यांच्या नावांनी ओळखले जाणारे घर्षण-चकत्यांचे धक्काशोषक प्रचारात आले. पुढे उदाई यांच्या रचनेचे तेलाचे तरफयुक्त धक्काशोषक आणि त्यानंतर आजचे दुर्बिणीप्रमाणे मागेपुढे सरकणारे नळीचे धक्काशोषक आले. १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बों यांच्या कल्पनेवर आधारित, वायूचा दाब असलेले एकनळी धक्काशोषक जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने उत्पादनात आणले.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ऑली या अभियंत्याने पुढील व मागील स्प्रिंगांच्या परस्परसंबंधाचा पद्धतशीर अभ्यास केला. स्प्रिंग व धक्काशोषक यांना एकाच खांबात बसविणारी अर्ल मॅकफर्सन यांची रचना फोर्ड कंपनीने १९५० च्या सुमारास उत्पादनात आणली. आज बहुसंख्य लहान मोटारींच्या पुढील चाकांना हीच रचना असते. १९९२ मध्ये विल्यम्स संघाने संगणक-नियंत्रित ‘सक्रिय’ सस्पेन्शन असलेल्या एफडब्ल्यू १४बी या मोटारीच्या बळावर फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळविले. १९९४ च्या हंगामापासून अशा सस्पेन्शनवर बंदी आली.

भारतात हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरला पुढे पिळाचे दांडे व मागे पाटे होते. मुंबईत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वेटोळ्या स्प्रिंगा व मागे पाटे होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे मॅकफर्सन रचना घरोघरी पोहोचली. चारही चाकांना पाटे असलेली मारुती जिप्सी ही भारतीय रॅलींमध्ये दीर्घकाळ वापरली गेली आणि तिच्या पाट्यांची व धक्काशोषकांची जुळवणी हा रॅली-मिस्त्रींचा खास विषय झाला. गॅब्रिएल इंडिया ही धक्काशोषक बनविणारी कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली. वाहनचाचणीचे काम करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ (एआरएआय) ही पुण्यातील संस्था १९६६ पासून अस्तित्वात आहे.

मूलतत्त्वे

स्वाभाविक वारंवारता

स्प्रिंगेवर ठेवलेली गाडी एकदा दाबून सोडली, तर ती ठरावीक गतीने वर-खाली होते. दर सेकंदाला होणाऱ्या अशा आंदोलनांच्या संख्येस स्वाभाविक वारंवारता म्हणतात. तिचे एकक हर्ट्झ हे होय. ही वारंवारता स्प्रिंगेची ताठरता भागिले तिच्यावरील वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सामान्य प्रवासी मोटारींत ती साधारण १ ते १.५ हर्ट्झ, वेगवान क्रीडा-मोटारींत १.५ ते २ हर्ट्झ आणि शर्यतीच्या मोटारींत त्याहून अधिक असते. हवेच्या दाबाने रस्त्याकडे ढकलल्या जाणाऱ्या एकआसनी शर्यती मोटारींत ती ३ हर्ट्झच्याही पुढे जाते.

माणसाच्या चालण्याच्या लयीशी १ ते १.५ हर्ट्झची हालचाल बरीच मिळतीजुळती असल्याने ती शरीराला सुसह्य वाटते. मागील स्प्रिंगांची वारंवारता पुढीलपेक्षा किंचित अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. गतिरोधकावरून पुढची चाके आधी जातात व मागची नंतर. मागचा भाग थोडा जलद हलला तर तो पुढच्या भागाला गाठतो आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलत नाही. ही संकल्पना ऑली यांच्या अभ्यासातून पुढे आली.

चाकापाशी जाणवणारी ताठरता ही स्प्रिंगेच्या मूळ ताठरतेएवढी असतेच असे नाही. स्प्रिंग तरफेच्या मध्ये कोठेतरी बसविलेली असल्यास चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिमीच दाबली जाईल. अशा वेळी चाकापाशी मिळणारी ताठरता ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने गुणल्याइतकीच राहते. स्प्रिंग बदलताना हे गुणोत्तर विसरल्यास अंदाज निम्म्याने चुकतो.

अवमंदन

धक्काशोषक नसलेली गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ हेलकावत राहील. उलट, अवमंदन फार वाढविल्यास चाक रस्त्याचा चढउतार अनुसरू शकणार नाही. हेलकावा जेमतेम थांबेल इतक्या अवमंदनास ‘क्रांतिक अवमंदन’ म्हणतात. प्रवासी मोटारींत प्रत्यक्ष अवमंदन क्रांतिक मूल्याच्या साधारण ०.२ ते ०.४ पट ठेवले जाते. शर्यतीच्या मोटारींत ते याहून बरेच अधिक असते.

स्प्रिंग व धक्काशोषक यांचा संबंध एका उदाहरणाने स्पष्ट होतो. एका चाकावर गाडीचे २५० किलो वस्तुमान आहे आणि चाकापाशी ताठरता २० न्यूटन प्रति मिमी आहे असे मानू. वारंवारता सुमारे १.४ हर्ट्झ येते. अवमंदनाचे गुणोत्तर ०.३० असेल असा धक्काशोषक या स्प्रिंगेला बसविला आहे. आता धक्काशोषक तोच ठेवून स्प्रिंगेची ताठरता दुप्पट केली, तर वारंवारता २ हर्ट्झ होते आणि अवमंदनाचे गुणोत्तर ०.२१ वर घसरते. गाडी हाताला कडक लागते, पण खड्ड्यानंतर ती आधीपेक्षा जास्त वेळा उसळते. स्प्रिंग बदलली की धक्काशोषकही तिला अनुरूप हवा, हा नियम यातून निघतो.

धक्काशोषकाची दोन कामे वेगवेगळी मोजली जातात. चाक वर येताना होणाऱ्या विरोधास दाब-अवमंदन, तर चाक खाली जाताना होणाऱ्या विरोधास उसळी-अवमंदन म्हणतात. सामान्यतः उसळी-अवमंदन अधिक ठेवतात. ते प्रमाणाबाहेर वाढल्यास एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुढचा खड्डा येईपर्यंत पूर्ण उघडत नाही. ओळीने खड्डे आल्यास गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी थांबरबरवर टेकते.

महागड्या धक्काशोषकांवर ‘मंद वेग’ आणि ‘जलद वेग’ असे दोन स्वतंत्र खटके असतात. येथे वेग गाडीचा नसून दट्ट्याचा असतो. वळणावर कलणे, ब्रेक लावताना नाक खाली जाणे या मंद हालचाली होत. खड्डा व दगड यांमुळे चाक झटक्याने हलणे ही जलद हालचाल होय. ताशी ३० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीचा दट्ट्याही खड्ड्यात जलद हलतो.

भाराचे स्थलांतर

वळणावर गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. १,२०० किलो वजनाची, गुरुत्वमध्य ५५ सेंमी उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४५ सेंमी असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने वळत असेल, तर सुमारे २२८ किलो भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो. हा आकडा मुख्यतः वस्तुमान, उंची, रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. स्प्रिंगा कडक केल्याने गाडी कमी कलते. पण सरकणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच राहतो.

स्प्रिंगा व अँटी-रोल बार यांच्या साहाय्याने हा भार पुढील व मागील चाकांत कसा वाटायचा हे ठरविता येते. भार दुप्पट झाल्यावर टायरची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणून ज्या टोकाला डाव्या-उजव्या चाकांवरील भारात अधिक तफावत पडते, त्या टोकाची एकूण पकड कमी होते. यावरून जुळवणीचा सर्वांत उपयुक्त नियम मिळतो: जे टोक तुलनेने कडक, ते टोक आधी घसरते. पुढचे टोक कडक असल्यास गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. यास अंडरस्टिअर म्हणतात. मागचे टोक कडक असल्यास मागचा भाग बाहेर फेकला जातो. यास ओव्हरस्टिअर म्हणतात. सामान्य चालकाला अंडरस्टिअर सावरणे सोपे जाते. म्हणून बहुतेक उत्पादक गाडीचा कल त्याच बाजूला ठेवतात.

जुळवणीचा क्रम

अनुभवी तंत्रज्ञ साधारणपणे पुढील क्रम पाळतात.

१. तपासणी: टायरची झीज व दाब, बॉल जॉइंट, बुश, गळणारे धक्काशोषक आणि तुटलेले पाटे आधी पाहिले जातात. झिजलेल्या भागांवर केलेली जुळवणी टिकत नाही.

२. मूळ स्थितीची नोंद: चारही चाकांपाशी गाडीची जमिनीपासूनची उंची, शक्य असल्यास प्रत्येक चाकावरील भार आणि चाकांचे कोन लिहून ठेवतात. चालकाचे वजन व इंधन धरूनच मोजमाप करतात.

३. स्प्रिंग व उंची: गाडी नेहमी किती भार वाहते त्यानुसार स्प्रिंग निवडतात. चाकाला वर जाण्यास पुरेसे अंतर शिल्लक आहे याची खात्री करतात.

४. धक्काशोषक: खटके मधल्या स्थितीत ठेवून सुरुवात करतात. आधी उसळी व नंतर दाब-अवमंदन, एका वेळी एक-दोन टप्पे बदलून पाहतात.

५. अँटी-रोल बार: पुढील व मागील टोकांमधील समतोल याने साधतात.

६. चाकांचे कोन: उंची बदलली की चाकांचा कल (कॅम्बर) व रोख (टो) हेही बदलतात. म्हणून व्हील अलाइनमेंट शेवटी करतात.

एका वेळी एकच बदल करून, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चाचणी घेऊन निष्कर्ष लिहून ठेवणे हा या क्रमाचा प्राण आहे. दोन बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने काय झाले हे समजत नाही.

स्प्रिंगेची सुरुवातीची दाब-पातळी (प्रीलोड) वाढविल्याने स्प्रिंग कडक होते हा एक प्रचलित गैरसमज आहे. समान वेटोळ्यांच्या स्प्रिंगेत प्रीलोडमुळे गाडीची उंची बदलते, ताठरता बदलत नाही.

लक्षणे आणि संभाव्य कारणे

• खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा हेलकावते: धक्काशोषक झिजलेला किंवा स्प्रिंगेच्या मानाने अपुरा.

• लहान खाचखळग्यांवर गाडी थरथरते व वळणावर उड्या मारीत बाहेर सरकते: दाब-अवमंदन किंवा स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक, टायरमध्ये हवा जास्त.

• ओळीने आलेल्या खड्ड्यांवर गाडी खाली बसत जाते: उसळी-अवमंदन जास्त.

• वळणात शिरताना पुढचा भाग वळत नाही: पुढचा अँटी-रोल बार किंवा स्प्रिंगा तुलनेने कडक, पुढील टायर झिजलेले, वळणात शिरण्याचा वेग जास्त.

• वळणात ॲक्सिलरेटर सोडताच मागचा भाग बाहेर जातो: मागचे टोक कडक, मागील धक्काशोषक निकामी किंवा मागील टायरची पकड कमी.

• ब्रेक लावताना नाक एकदम खाली जाते: पुढील दाब-अवमंदन कमी, मागील उसळी-अवमंदन कमी.

• टायरवर ठिकठिकाणी कपासारखे खळगे पडतात: धक्काशोषक निकामी, अथवा चाकांचा समतोल बिघडलेला.

कोल्हापूर परिसरातील उदाहरण

घाटरस्ते

कोल्हापूर शहर पुणे–बंगळूर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ४८) वसलेले आहे. येथून कोकणात उतरण्यासाठी आंबा घाट (रत्नागिरीकडे), गगनबावड्याहून करूळ व भुईबावडा घाट, राधानगरी–दाजीपूरमार्गे फोंडा घाट आणि आजऱ्यामार्गे आंबोली घाट असे मार्ग आहेत. या पट्ट्यात, विशेषतः गगनबावडा व आंबोली येथे, अतिवृष्टी होते. एकाच प्रवासात गाडीला महामार्गाचा सलग वेग, मळ्यांमधील उखडलेला रस्ता, ओली तीव्र वळणे आणि लांब उतार हे सर्व सोसावे लागते.

अशा प्रवासात कुटुंबाची गाडी बहुधा पूर्ण भरलेली असते. वरील उदाहरणातील चाकावर २५० ऐवजी ३५० किलो भार आला असे मानले, तर स्प्रिंग आणखी सुमारे ५ सेंमी दबते. चाकाला वर जाण्यास आधी ८ सेंमी जागा असेल, तर आता ३ सेंमीच उरते. त्याच वेळी वारंवारता १.४ वरून १.२ हर्ट्झवर आणि अवमंदनाचे गुणोत्तर ०.३० वरून ०.२५ वर येते. एकट्या चालकाला चांगली वाटलेली गाडी भरल्यावर मागे झुकते, जास्त डुलते आणि मोठ्या खड्ड्यात थांबरबरवर आदळते. थांबरबर लागताक्षणी त्या चाकाची ताठरता एकदम अनेक पटींनी वाढते. हे वळणात घडल्यास मागचे टोक अचानक पकड सोडू शकते. डिकीत सीएनजी टाकी बसविलेल्या गाड्यांत टाकीचे वजन कायम मागे राहत असल्याने हा प्रश्न आणखी लवकर उद्भवतो.

घाट उतरताना ब्रेकमुळे भार पुढे सरकतो. १,२०० किलो वजनाच्या व पुढील-मागील चाकांत २४५ सेंमी अंतर असलेल्या गाडीने गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या मंदनाने ब्रेक लावल्यास सुमारे १३५ किलो भार मागील चाकांवरून पुढे जातो. २० मीटरला १ मीटर उतार असल्यास त्यात आणखी सुमारे १३ किलोंची भर पडते. मागील चाके हलकी झालेली असताना झिजलेले धक्काशोषक त्यांना रस्त्यावर स्थिर ठेवू शकत नाहीत. टायर क्षणभर जरी हलका झाला तरी तेवढा वेळ ब्रेक व स्टिअरिंग या दोहोंचाही परिणाम घटतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. ओल्या रस्त्यावर मुळातच पकड कमी असल्याने चुकीला वाव आणखी कमी राहतो.

यामुळे या भागातील रस्त्यावरच्या गाडीसाठी योग्य जुळवणी म्हणजे मूळ ताठरतेच्या आसपासच्या स्प्रिंगा, निरोगी धक्काशोषक, पुरेशी उंची आणि भारानुसार ठेवलेला टायरमधील दाब अशी असते. पूर्ण भारासाठी मागील टायरमध्ये किती हवा ठेवावी हे बहुतेक गाड्यांच्या दारालगतच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

कार्टिंग आणि शर्यती

कोल्हापूरला मोटार-शर्यतींचीही परंपरा आहे. शहराजवळील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या शर्यतपथावर राष्ट्रीय कार्टिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिक आणि फोक्सवॅगनच्या एक-बनावटी शर्यतींत भाग घेतलेले ध्रुव मोहिते हे चालक कोल्हापूरचे आहेत.

कार्ट या वाहनाला स्प्रिंगा नसतात आणि धक्काशोषकही नसतात. पोलादी नळ्यांचा सांगाडाच किंचित पिळला जाऊन स्प्रिंगेचे काम करतो. मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की बसविलेली असल्याने वळताना आतील मागचे चाक जमिनीपासून किंचित उचलले जावे लागते; अन्यथा कार्ट वळत नाही. म्हणून कार्टची जुळवणी आसाची ताठरता, चाकांमधील अंतर, आसनाचे आधार, पुढील चाकांचे कोन आणि टायरचा दाब बदलून केली जाते. साधने वेगळी असली तरी प्रश्न तोच राहतो: कोणत्या क्षणी कोणत्या टायरवर किती भार असावा? कार्टवर शिकलेला चालक पुढे स्प्रिंगांच्या गाडीत बसला की हा विचार त्याला उपयोगी पडतो.

शर्यतपथ गुळगुळीत असतो, गाडीत एकटा चालक असतो आणि प्रत्येक फेरीत तीच वळणे येतात. त्यामुळे तेथे कडक व खाली बसलेली जुळवणी वेळ वाचविते. रॅलीच्या कच्च्या रस्त्यावर याउलट उंच गाडी, चाकाला भरपूर हालचाल आणि तापूनही न थकणारे मोठे धक्काशोषक लागतात. धक्काशोषक फार तापला तर तेल पातळ होते, त्यात फेस होतो आणि अवमंदन घटते. म्हणून रॅलीच्या धक्काशोषकांना बहुधा तेलाची स्वतंत्र बाह्य टाकी जोडलेली असते.

प्रचलित बदल आणि त्यांचे धोके

• स्प्रिंग कापणे: गाडी खाली दिसावी म्हणून वेटोळे कापले जाते. वेटोळ्यांची संख्या कमी झाली की त्याच प्रमाणात ताठरता वाढते. सहा कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापल्यास ती २० टक्क्यांनी वाढते. धक्काशोषक तोच राहतो, चाकाची हालचाल घटते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

• स्प्रिंग तापविणे: गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसविल्यास पोलादावर केलेले उष्णतोपचार नष्ट होतात. अशी स्प्रिंग पुढे आणखी बसत जाते किंवा तुटते.

• वेटोळ्यांत रबर बसविणे: गाडीचा तळ घासू नये म्हणून स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये रबराची चकती अडकविण्याची पद्धत भारतात लोकप्रिय आहे. रबर ज्या वेटोळ्यांना अडवितो ती जवळजवळ निकामी होतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. परिणामी उंचीबरोबर ताठरताही वाढते. एकाच टोकाला रबर बसविल्यास गाडीचा पुढचा-मागचा समतोलही बदलतो.

• जादा पाटा टाकणे: माल वाहणाऱ्या गाड्यांत मागे एक पाटा वाढविला जातो. त्यामुळे गाडी झुकत नाही, परंतु ब्रेक, आस व टायर यांची क्षमता मूळचीच राहते. रिकामी गाडी मागून उसळते आणि ओल्या वळणावर मागचे टोक सुटण्याची शक्यता वाढते.

• एकच धक्काशोषक बदलणे: डाव्या-उजव्या बाजूंचे अवमंदन असमान झाल्यास ब्रेक लावताना व खड्ड्यात गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते. म्हणून ते जोडीने बदलतात.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची चाचणी प्राथमिक स्वरूपाची आहे. त्यातून पूर्ण निकामी धक्काशोषक ओळखता येतो; अर्धवट झिजलेला मात्र सुटून जातो. तेलाचे ओघळ, टायरवरील खळगे आणि भरलेल्या गाडीचे वर्तन ही अधिक विश्वसनीय लक्षणे होत.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. कायद्याने परवानगी दिलेले अपवाद वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. उत्पादकाने सांगितलेल्या मापाच्या स्प्रिंगा व धक्काशोषक बदलून घेणे ही देखभाल होय. वाहनाची रचना पालटणारे बदल मात्र या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात, तसेच अपघातानंतर विमादाव्याच्या वेळी अडचणीचे ठरू शकतात. शर्यतीसाठी सज्ज केलेल्या मोटारी संबंधित स्पर्धेच्या तांत्रिक नियमांनुसार तपासल्या जातात. शर्यतपथावरील जुळवणी असलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर तितकीच सुरक्षित ठरेल असे नाही. भरलेल्या गाडीने पावसात घाट उतरताना लागणारी पकड आणि कोरड्या शर्यतपथावर फेरीचा वेळ कमी करणारी पकड यांसाठी स्प्रिंगा व धक्काशोषक यांचे मेळ वेगवेगळे लागतात.